वरातीच्या घोडीला पेंढा

साठ सालच्या आसपास आमची घोडी मुरबाडच्या लग्नांत नवरदेव मिरवायची. रीत अशी, की नवरदेव वर बसण्याआधी वरमाईने घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ भरवायचा. एका लगीनसराईत ती इतकी फुगली की बरगड्या हाताला लागेनात. वैशाखरे गावच्या चढावर तर पाय उचलेना. गावाला मात्र कोण कौतुक! घोडी लठ्ठ म्हणजे घर खातंपितं.

मी डाळ-गूळ बंद केला. गवत हळूहळू कमी करून त्यात भाताचा कोरडा, स्वच्छ पेंढा मिसळू लागले. सासरे भडकले.

"पेंढा म्हशीला घालतात. लोक काय म्हनतील?"

"लोक घटकाभर बोलतात, मामंजी. पाय हिचे दुखतात."

पुढच्या लग्नात वरमाई डाळ-गुळाचं ताट घेऊन आली. मी आडवी उभी राहिले आणि तिच्या हातात मूठभर पेंढा दिला.

"हा भरवा."

"शकुनाला पेंढा? असं कदी झालं नाय गो!" बायका खवळल्या.

मी लगाम धरून घोडी सरळ घराकडे वळवली. "मग पोराला चालत न्या."

वाजंत्री थांबली. सगळ्यांच्या देखत वरमाईने मुकाट्याने पेंढा भरवला. घोडीने तो निवांत चघळला.

"आनि या गुळाचं काय करू?" वरमाईने फणकाऱ्याने विचारलं.

मी नवरदेवाकडे पाहिलं. "तुमच्या लेकाला भरवा. त्याच्या बरगड्या इथून दिसतात."