भीती आणि धसका

वसुधाला जाऊन महिना उलटला. बरकतपुऱ्यातला आमचा जिना चढून जो येतो तो म्हणतो, "भाऊ, धसका घेऊ नका." मला आधी हसू येतं, मग रडू. माझ्या बायकोची सगळी विद्या त्या एका शब्दात होती हो... "भीती येते नि जाते," ती म्हणायची, "धसका मुक्कामाला राहतो."

तारनाक्याच्या विद्यापीठात ती पाखरांवर काम करायची. मैना धरायची, पंखाखालून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि सोडून द्यायची. तेही दोन-तीन मिनिटांत, कारण हातात आलेलं पाखरू घाबरतं, घाबरल्याचं संप्रेरक रक्तात चढू लागतं. मग ते मुळात किती होतं, हे कळणार कसं? मी जन्माचा मोठ्या आवाजाचा माणूस. एकदा झाडाखालूनच ओरडलो, "अगं वसुधा, डबा आणलाय!" जाळीतली मैना अशी फडफडली की विचारू नका. "झालं! आता मैनेचं नाही, तुमच्या आवाजाचं माप मिळेल," ती म्हणाली. चिडली होती, पण हसलीच.

पुढे आबिड्सच्या दुकानांत परदेशी टीव्ही लागले आणि इकडे आमचा टीव्हीचा कारखाना बंद पडला. ऐन पन्नाशीत नोकरी गेली. ताट समोर आलं की मी म्हणायचो, "नक्को गं, भूक नाही." आमच्या घरात माझा आवाज बसला, म्हणजे काय झालं असेल बघा! वसुधानं उपदेश केला नाही. एका संध्याकाळी तिनं आपल्या पाखरांचंच काढलं. पदराला गोंडे असतात म्हणून धागे सुटत नाहीत; पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांनाही तशी राखण असते आणि वयाबरोबर ती झिजते. सतत धास्तीत वाढलेल्या पाखरांची ती लवकर झिजते, असं दिसू लागलं होतं. एका घरट्यातल्या दोन मैना, पिसं सारखीच तुकतुकीत, आणि आतून एक म्हातारी! मी आ वासून ऐकत राहिलो. एवढ्याशा जिवाच्या आत भीती अशी उमटत असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"मग ते संप्रेरक म्हणजे विषच की!"

"छे हो! ते नसतं तर मांजर दिसल्यावर मैना उडालीच नसती. तेच जीव वाचवतं. फक्त मांजर गेलं की ते उतरायला हवं." मग हळूच म्हणाली, "तुमचं मांजर कधीच गेलंय. आता उतरू द्या."

"झिजलेलं भरून येतं का गं?"

"माहीत नाही. तेच शोधायचंय मला... तुमच्यासाठी."

त्या दिवशी मी पोटभर जेवलो. पुढे मोटार दुरुस्तीचं दुकान टाकलं, आवाजही परत आला. तिचा शोध मात्र अर्धाच राहिला.

शेवटच्या संध्याकाळी दवाखान्यात तीच घाबरली. आयुष्यभर भीती मोजणारी बाई, माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मला भीती वाटते हो." तिचं मनगट धरून गप्प बसलो, जन्मात कधी बसलो नव्हतो इतका वेळ. बोटांखाली नाडी नुसती धावत होती... मग हळूहळू संथ झाली. तिनं डोळे उघडले, प्रयोग साधला की चमकायचे तसे चमकले.

"उतरली बघा," म्हणाली.

हल्ली सकाळी मैना कलकलू लागल्या की मी बाल्कनीत बसतो, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून. माझी अजून उतरत नाही.