विठाकाकीने बियाणं दळलं

"पोटात जागा ठेवावी नि पायात वाट ठेवावी." विठाकाकी हे इतक्यांदा बोलायची, की ती समोरून येताना दिसली की गावातली पोरं तिच्या आधीच म्हणून मोकळी व्हायची. ती हसायची. तोंडात दात थोडेच उरले होते, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवायची.

आमचं गाव अंबरनाथ नि बदलापूरच्या मधलं, डोंगराच्या पायाशी. इथं म्हातारपण उशिरा यायचं, हे मी अभिमानाने सांगतो. माझा आजा गेला त्या सकाळीही बैलांना पाणी दाखवून आला होता. काकीने ऐंशी कधीच ओलांडली होती. सकाळी नाचणीची भाकरी नि सुकटीची चटणी, दुपारी आंबील, सांजेला लाल तांदळाची पेज. सोबत डोंगर जो देईल तो पाला, कधी कुरडू, कधी टाकळा. अजून थोडी भूक आहे असं वाटलं की ती हात धुवायची. मग भाजीची पाटी डोक्यावर घेऊन उल्हासनगरच्या कॅम्प पाचला चालत जायची नि चालतच परत यायची.

तिथे लच्छू सेठच्या दुकानाच्या पायरीवर ती भाजी मांडायची. सेठ विचारायचा, "माई, तू खाती क्या है? मेरी उमर तेरे से आधी, फिर भी घुटना रोता है."

"रडंल नाय तर काय, सेठ? तू त्याला कंदी कुठं फिरवतच नाय," काकी म्हणायची, नि गिऱ्हाइकं हसायची. सगळ्यांत मोठ्याने सेठच हसायचा.

तिचा एकुलता एक मुलगा हरिचंद्र अंबरनाथच्या एका कंपनीत लागला. दिवसभर मशीनसमोर स्टुलावर बसायचं काम. घरी कसायला हात उरले नाहीत म्हणून त्याने वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची नाचणीची जमीन, विकून टाकली. पक्कं घर बांधलं, मोपेड घेतली. डब्यात भाकरी दिली तर ती तशीच परत यायची.

"आये, काळी भाकर बगून कंपनीतली पोरं हसतात. उद्यापास्नं नको. मी समोसापाव खाईन."

"हसू दे की. तेवढंच त्यांच्या दातांना काम!"

तो हसला, पण भाकरी त्याने पुन्हा नेली नाही.

वरकस गेलं, तरी काकीने तिथलं बियाणं सोडलं नाही. नाचणीचं बी भाताच्या पेंढ्यात घट्ट बांधून केलेला मुडा तिच्या चुलीवर धुरात टांगलेला असायचा. दरसाल ते बी ती घरामागच्या तुकड्यात पेरायची नि नव्या दाण्याने मुडा पुन्हा बांधायची. आमच्यात बियाणं खात नाहीत. दुष्काळात लोकांनी डोंगरातले कडू कंद उकडून दिवस काढले, पण मुड्याला कुणी हात लावला नाही.

पन्नाशीच्या आतच हरिचंद्रला साखरेने धरलं. पायाची जखम भरेना, मग मूत्रपिंडं थकली. ही गोष्ट नव्वद सालानंतरची. डॉक्टरांनी करायचं ते केलं नि घरी न्यायला सांगितलं. मिरगाच्या तोंडावर एका दुपारी तो म्हणाला, "आये, लहानपनी द्यायचीस तशी आंबील दे. मला पन तुझ्याएवढं जगव."

काकी उठली. चुलीवरचा मुडा उतरवला नि विळ्याने त्याचा पेंढा कापला.

जात्याची घरघर ऐकून मी शेजारून त्यांच्या ओटीवर गेलो. तिची सून कुंदा दाराला टेकून उभी होती. "भावजी, तुमी तरी सांगा. बाजारात नाचणी मिळते. आई बियाणं दळतायत."

"काकी, अगं पेरायचे दिवस आले," मी म्हणालो.

तिने जातं थांबवलं नाही. "बाजारची त्याच्या ओळखीची नाय. ही त्याच वरकसाची, हिच्यावर तो वाढला. आनि खानाराच राह्यला नाय, तर पेरू कोनासाठी?"

हरिचंद्रने आंबील प्यायली. पोटाला गार वाटलं म्हणाला. काही दिवस चेहऱ्यावर टवटवी आली, उशीला टेकून तो मुलींशी गप्पा मारू लागला. काकी रोज दळायची. कुंदालाही आशा वाटू लागली. पण दुखणं आत फार पुढे गेलेलं होतं. मुड्यातला शेवटचा दाणा दळून झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांनी हरिचंद्र गेला.

नळावर बाया बोलल्या, "म्हातारीने लेकाचं आयुष्य खाल्लं." काकीच्या कानावर ते गेलं. त्या दिवसापासून तिने 'पोटात जागा ठेवावी' म्हणणं टाकलं. एकदा मलाच विचारलं, "खरं असंल का रं? मी जल्मभर अर्ध्या पोटी उठले. मग त्याचं आयुष्य मी कंदी खाल्लं?"



त्या पावसात घरामागच्या तुकड्यात गवत माजलं. पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस काकी काठी घेऊन अंगणात उतरली. डोंगरापलीकडे तिचं माहेर होतं. तिचा भाचा तिथे अजून नाचणी पेरायचा.

"कुठं निघालीस, काकी?"

"वंजळभर बियानं मागायला."

"मी आणून देतो ना."

"दळलं मी. मागायचं बी मलाच." मग घराकडे बघून म्हणाली, "पोरींना तरी त्यांच्या बापासारखं होऊ नये."

कुंदाने भाकरी आणून दिली. काकीने उभ्यानेच अर्धी खाल्ली, उरलेली तिच्या हातावर ठेवली नि चालू लागली. पूर्वी ती या वाटेने कुठे थांबायची नाही. आज करवंदीच्या जाळीशी, चढ लागतो तिथे, थांबून धाप टाकत होती. मी पुढे व्हायला निघालो, तर कुंदा म्हणाली, "नको, भावजी. त्यांना जाऊ द्या."

काकी पुन्हा चालू लागली. चढावर तिचं लुगडं दिसेनासं झालं, तरी कुंदा अर्धी भाकरी हातात धरून तिकडेच बघत उभी होती.