लॉबीवाल्या बायका

किस्से कुणी ठरवून जमवत नसतं, ते साचत जातात. भूकंपानंतर आमच्याकडं लातूरला मदतीच्या कपड्यांचे ढीग लागले होते, अगदी तसे! देशभरातून ट्रक यायचे. ढिगात हात घातला की कधी चांगलं सुती लुगडं निघायचं, कधी टाय, आणि एकदा तर चक्क पोहण्याचा पोशाख! प्यायला पाणी टँकरचं, अन् मदतीत पोहण्याचा पोशाख! आमच्या गटाचे किस्से त्याच जातीचे. कुणाच्या मापाचे आहेत ते विचारू नका, फक्त बाहेर काढते.

गट जमवला विजयाताईंनी. नांदेडच्या निवृत्त मुख्याध्यापिका. भूकंपाच्या गावांत मदतीला म्हणून आल्या आणि परत जायचं विसरल्या. नवी घरं बांधून व्हायला लागली होती, पण कागद सगळे नवऱ्यांच्या नावावर. म्हणजे नवरा गेला की घर दिराचं, आणि नवऱ्याचं डोकं फिरलं की बाई रस्त्यावर. ताईंचं म्हणणं एकच, घर दोघांच्या नावावर करा.

लातूरचे साहेब म्हणाले, "मुंबईला बोला." मुंबईचे म्हणाले, "दिल्लीला बोला." दिल्लीत कुणीतरी सांगितलं, "जगातच अजून असं धोरण नाही हो!"

ताई म्हणाल्या, "बरं. मग जगाला बोलते."

आणि खरंच, बँकॉकला बायकांच्या हक्कांवर सगळ्या देशांची मोठी बैठक व्हायची होती. तिथं आपलं वाक्य घालून घ्यायला प्रतिनिधींना कसं पटवायचं, ते शिकवायला दिल्लीहून एक मॅडम येणार होत्या. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची, इंग्रजीत दोन वाक्यं नीट बोलायची, म्हणून मला दुभाषी केलं. झालं, फसले!

*

ट्रेनिंगला जागा मिळाली हाळीकर सरांच्या कोचिंग क्लासची. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. पोरगं इकडून घातलं की तिकडून डॉक्टर होऊन निघतं, अशी लोकांची पक्की समजूत. सरांची सकाळची बॅच सुटली की संध्याकाळच्या बॅचपर्यंत हॉल आमचा. बाकांवर नऊवारीतल्या बायका आणि फळ्यावर बेंझिनची रिंग!

पहिल्याच दिवशी मुदखेडकडचे एक गृहस्थ पोराच्या ॲडमिशनची चौकशी करायला आले. दारातून आत बघितलं. एकेका बाकावर चाळिशी-पन्नाशीच्या बाया, मान खाली घालून काहीतरी पाठ करतायत. गृहस्थ बराच वेळ बघत राहिले. मग हळूच ताईंना विचारलं, "मॅडम, ही रिपीटर बॅच हाय का?"

"हाव," ताई म्हणाल्या. "मनूच्या काळापासून रिपीट करून राहिलो."

गृहस्थ दारातूनच परत गेले. पोराला म्हणे सोलापूरला घातलं!

*

दिल्लीच्या मॅडम हुशार, तरुण, प्रेमळ. पण एका बैठकीत दहा वेळा 'लॉबी' म्हणायच्या. "आपण लॉबी करायची. लॉबीत जायचं. लॉबी सोडायची नाही."

मी विचारलं, "लॉबी म्हणजे काय, कुणाला माहीत आहे?"

शकुंतलानं हात वर केला. नायगावची अंगणवाडीताई, तरणीताठी, लग्नाआधी जिल्ह्याच्या टीममधून कबड्डी खेळलेली.

"मॅडम, लॉबी म्हंजे मैदानाच्या दोन्ही कडंच्या पट्ट्या. पण उगं जाता येत न्हाई तिथं. गेलं की आऊट. आधी कुणाला तरी हात लावायचा, झटापट झाली पायजे, मग लॉबी खुली!"

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मॅडमनी पेन काढलं. मग वहीत लिहून घेत म्हणाल्या, "मी बारा वर्षं हे शिकवतेय. इतकी चांगली व्याख्या कुणी केली नव्हती."

इथवर ठीक होतं. पण शकुंतलाला वाटलं, आपली पद्धत मंजूर झाली! दुपारी जिल्हा परिषदेचे एक अधिकारी आम्हाला शुभेच्छा द्यायला आले. मॅडम म्हणाल्या, "चला, यांच्यावर लॉबीचा सराव करू." साहेब भाषण आटोपून निघाले, तर शकुंतलानं दारात त्यांचा घोटा धरला!

साहेब आडवे. आणि ही खाली बसून शांतपणे विचारते, "साहेब, घर दोघांच्या नावावर करता का न्हाई?"

*

जागतिक ठरावाचा मसुदा आला, तेव्हा दुसरंच लचांड. त्यात ज्या वाक्यावर कुठल्याही देशाचा आक्षेप असेल, ते वाक्य कंसात टाकलेलं असतं. आक्षेप मिटला की कंस काढायचा. आपलं घराचं वाक्य मसुद्यात होतं, पण कंसात.

मॅडमना हे मराठीत समजावता येईना आणि मलाही सुचेना. तेवढ्यात हाळीकर सर खडू शोधायला आले. "एवढंच ना? द्या इकडं!" फळा पुसून त्यांनी भलामोठा कंस काढला. "हे बघा मावश्यांनो, गणित असो का जग असो, नियम एकच. आधी कंस सोडवायचा!"

मागच्या बाकावरून कमलमावशी उठल्या. औसा तालुक्यातल्या, भूकंपात घर आणि नवरा दोन्ही गमावलेल्या. आवाज खणखणीत.

"सर, पुराणात काय सांगितलंय? कंस सोडवायचा न्हाई, मारायचा! मामा असला म्हणून काय झालं?"

सगळ्या बायका एका सुरात, "मारायचाच!"

मॅडम घाबरल्या. मला विचारलं, काय चाललंय? मी गडबडीत भाषांतर केलं, "त्या म्हणतायत, मामाला मारा."

मॅडमनी गंभीरपणे मान हलवली. "बरोबर आहे. घरातल्या पुरुष नातेवाइकांचा जाच हाही मुद्दा आपण घेऊ."

*

खोट्या परिषदेचा सराव झाला. प्रत्येकीच्या पुढ्यात एकेका देशाची पाटी. कमलमावशींच्या पुढं आली 'पेरू'. त्यांनी पाटी परत केली.

"दुसरं काहीबी द्या. मला खोकला झालाय."

*

मॅडमचं एक ठाम मत होतं. मोठी माणसं निवांत भेटत नाहीत. ती लिफ्टमध्ये सापडतात, आणि मजले संपायच्या आत आपलं म्हणणं सांगायचं असतं. आता लिफ्टचा सराव कुठं करायचा? लातुरात लिफ्ट होती एका नव्या दवाखान्यात. गेलो तिथं!

पहिला नंबर रजिया आपांचा. उदगीरच्या, शिलाईचा क्लास चालवायच्या. बोलणं अर्धं मराठी, अर्धं दख्खनी, आणि सगळं मोठ्यानं. मी आणि त्या लिफ्टमध्ये शिरलो. आत धान्याचे एक व्यापारी होते. सासऱ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यांना डबा घेऊन निघालेले. लिफ्ट वर निघाली, आणि लाईट गेली.

अंधार! व्यापाऱ्यांनी दार बडवायला सुरुवात केली.

आपा म्हणाल्या, "कैकू घाबरतेव भाईसाब? वेळ हाय तर जरा ऐका." आणि सुरू! घर कुणी सारवलं, भूकंपात ढिगाऱ्याखालून पोरं कुणी ओढून काढली, नवरा मेल्यावर दिरानं कुणाकुणाला बाहेर काढलं. पाठ केलेलं भाषण दोन मिनिटांचं होतं, पण लाईट काही दोन मिनिटांत येईना! आपांनी मग स्वतःच्या सासूपासून सगळं सांगितलं. व्यापारी आधी 'हूं हूं' करत होते, मग देवाचं नाव घ्यायला लागले, शेवटी रडकुंडीला आले.

"आपा, करतो! घर बायकोच्या नावावर करतो! दुकानबी करतो! पर कुणाला तरी म्हणावं दार उघडा!"

दार उघडलं तेव्हा ते डबा तिथंच टाकून पळाले.

आम्ही हसून विसरून गेलो. पुढं कधीतरी आपांच्या क्लासमध्ये एक बाई आल्या, पेढे घेऊन. त्या व्यापाऱ्यांच्या बायको. माणसानं खरंच घर तिच्या नावावर केलं होतं!

"पण आपा," ती म्हणाली, "तुम्ही त्या लिफ्टमधी ह्यांना काय केलं? अजून ते जिन्यानंच जातात."

*

पासपोर्ट काढायचे ठरले. कमलमावशींच्या चौकशीला पोलिस शिपाई गावात आला. कागदावरचा पत्ता जुन्या गावातला, आणि जुन्या गावात नुसता दगडमातीचा ढिगारा. मावशी राहायच्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांनी शिपायाला ढिगाऱ्यावर नेलं.

"हे माझं घर. हितं चूल होती, हितं देव. ह्या कोपऱ्यात मालक झोपायचे." शिपाई टोपी काढून उभा राहिला. बिचारा भला माणूस. पण कागद कागदच. चाचरत म्हणाला, "मावशी, मला लिहावं लागंल की दिलेल्या पत्त्यावर घर नाही."

"लिव्ह की! घर न्हाई म्हणूनच तर चालले."

त्या दिवशी आम्ही कुणी हसलो नाही. पण शिपायानं रिपोर्टात म्हणे असं लिहिलं की अर्जदार बाई दिलेल्या पत्त्यावर उभ्या आढळल्या! पासपोर्ट आला.

*

आता बँकॉक.

गेलो आम्ही पाचजणी. जाताना ठरलं होतं, ताई आणि मी बोलणार, बाकीच्या माणसं हेरणार. तीन दिवस आम्ही हॉलबाहेर उभ्या. जो प्रतिनिधी दिसेल त्याला गाठायचं, नमस्कार करायचा, वाक्य दाखवायचं. एकेक देश पटत गेला. घराच्या वाक्यावर शेवटी एकाच देशाचा आक्षेप उरला. देशाचं नाव घेत नाही, उगाच भांडण नको. त्यांच्या प्रतिनिधी एक उंच, जाड चष्म्याच्या बाई. एकट्याच आलेल्या. कुणाशी बोलायच्या नाहीत, नुसतं कपाळ चोळत बसायच्या. मी गेले, तर म्हणाल्या, "नो." ताई गेल्या, "नो." रजिया आपा नुसत्याच समोर जाऊन हसल्या, तरी "नो!"

शेवटची दुपार आली. वाक्य अजून कंसातच. जेवणानंतर अध्यक्ष एकेक वाक्य मंजुरीला घेणार होते, आक्षेप असेल त्यानं तेव्हाच उठून सांगायचा. ताईंनी जेवणाचं ताट तसंच सरकवलं. एवढी खंबीर बाई, पण मला म्हणाली, "गावात जाऊन काय सांगायचं गं?"

आम्ही गॅलरीत जाऊन बसलो. शकुंतला होती, आपा होत्या. कमलमावशींचा पत्ता नाही! मला धसका बसला. मावशींना मराठीशिवाय एक भाषा येत नाही, एवढ्या मोठ्या इमारतीत हरवल्या तर? मी उठणार, तेवढ्यात आमचं वाक्य पुकारलं.

अध्यक्षांनी वाचलं. चष्मा वर करून हॉलभर बघितलं. "कुणाचा आक्षेप?"

आम्ही चौघी कठड्यावर वाकलो. त्या देशाच्या पाटीकडं बघितलं. पाटी जागेवर होती. मागची खुर्ची रिकामी!

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. हॉल गप्प. मग हातोडा पडला. टक्! कंस गेला, वाक्य राहिलं.

शकुंतला ओरडली, आपांनी मला मिठी मारली, ताई खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. डोळ्याला पदर लावून नुसत्या बसून राहिल्या. मी मात्र धावत बाहेर पडले, मावशींना शोधायला.

एक मजला, दुसरा मजला, कँटीन, बाथरूम. शेवटी मागच्या जिन्याशेजारी, जिथं कुणी फिरकत नाही तिथं एक सोफा होता. सोफ्याच्या एका टोकाला कमलमावशी बसलेल्या. शेजारी खोबरेल तेलाची बाटली. आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून, चष्मा काढून, बूट काढून, गाढ झोपलेल्या त्या उंच बाई! मावशींचा हात त्यांच्या केसांतून हळूहळू फिरत होता.

मी जागच्या जागी उभी.

"मावशी! ही... ही कोण आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

मावशींनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं, तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला की. लेकराचा आत्ताच डोळा लागलाय."