चौथ्या खुर्चीवरची पर्स

"ही प्लेट बदलून आणा. हिनं उष्टी केलीय."

मॅडम वेटरला म्हणाल्या. हळू नाही, चांगलं मोठ्यानं. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. माझ्या तोंडात माशाचा कण होता, नखाएवढा. तो गिळू का थुंकू, मला समजेना. वेटरनं माझ्याकडं बघितलं नाही. भरलेली प्लेट उचलली आणि घेऊन गेला.

चिऊ ओरडली, "माझा मासा!"

बेलापूरला, दिवाळे गावाच्या बाजूला ते हॉटेल आहे. साधंच. मासे-थाळी, सोलकढी, भिंतीवर रंगवलेली होडी. रविवारी दुपारी बाहेर रांग लागते. मी खारघरला ज्या घरी मुलगी सांभाळायला होते, ते लोक दर रविवारी तिथं जायचे. मॅडम, सर आणि त्यांची चार वर्षांची चिऊ. टेबल चार खुर्च्यांचं. तीन खुर्च्यांवर ते तिघं. चौथीवर मॅडमची पर्स. मी चिऊच्या मागं उभी.

चिऊला मुडदुशा आवडायच्या. पांढरा, मऊ मासा. पोरांना हाच देतात, पण आत केसासारखे काटे असतात. ते काढायचं काम माझं. आणि त्या दिवशी मी ते आमच्या गावासारखं केलं.

आमचं गाव भंडाऱ्याकडं. आम्ही ढिवर, मासे धरणारे. तळ्यातल्या माशावर मोठे झालो. आमच्याकडं लेकराला मासा भरवताना मास बोटांनी चाचपायचं, मग त्यातला कण आधी आपल्या जिभेवर ठेवायचा. बोटाला चुकलेला काटा जिभेला सापडतो. पहिला घास भरवणाऱ्याचा, मग लेकराचा. मायनं मला असंच भरवलं, मी धाकट्या भावाला असंच भरवलं. यात कुणाचं काही उष्टं होतं, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

नवी प्लेट आली. मॅडम म्हणाल्या, "हात धुऊन ये. फक्त बोटांनी काढायचे. तोंड लावायचं नाही. आणि काम झालं की तिकडं जाऊन बस."

तिकडं म्हणजे बेसिनजवळ. तिथं एक प्लास्टिकचं स्टूल होतं.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "सॉरी मॅडम. थँक्यू."

थँक्यू म्हणाले मी. आजही ते आठवलं की अंग आकसतं.

पण मला खरंच उपकार वाटायचे. माझी शाळा सातवीत सुटली. धाकटा आजारी पडला, माय धानाच्या रोवणीला जायची, घर बघायला मीच. बाप आधीच गेलेला. पुढं वीस वर्षांची झाल्यावर गावातल्या एका बाईच्या ओळखीनं एवढ्या लांब आले. लिफ्टमध्ये चढायला भ्यायचे. मॅडमनी हात धरून चढवलं. चपला घेतल्या, जुना मोबाइल दिला, दाढ दुखली तर डॉक्टरकडं नेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं, आडनाव दोनदा विचारलं, आणि माझं ताट नि पेला वेगळ्या फळीवर ठेवला. मला वाटलं, बघा, आपल्यासाठी वेगळी भांडी! इतकी मी येडी. काम जाईल, परत पाठवतील, ही भीती सकाळी उठल्यापासून पोटात असायची. भीती आणि उपकार एकाच जागी राहिले की माणसाला दुसरं काही दिसत नाही.

रविवारी संध्याकाळी मायचा फोन यायचा.

"लोकं चांगले हायेत ना वं?"

"हो माय."

"जेवाले देतात ना?"

"हो माय. आज हॉटेलात मासा खाल्ला. समुद्राचा."

"चव कशी असते वं?"

"खारट असते, माय."

नखाएवढ्या कणानं मला काय कळणार कशी असते. घरी आल्यावर माझ्यासाठी सकाळचा वरणभात असायचा.

मग दर रविवारी तेच. हात धुवायचे, काटे काढायचे, बेसिनजवळ बसायचं. हात धुवायला येणारा माणूस आधी मला बघायचा, मग आरशात स्वतःला. काही लोक टिश्यू माझ्याकडंच मागायचे.

त्या बेसिनला लागून स्वयंपाकघराचं दार. आत एक काकी मासे तळायच्या. दिवाळे गावच्या कोळीण. कपाळावर मोठं कुंकू, हातात झारा, तोंड सतत चालू. एका रविवारी दारातून त्यांनी विचारलं, "काय गो, तू जेवलीस नाय?"

"घरी जेवते काकी."

"तुज्या हाताना मगाशी काटं काढलंस ना?"

"हो."

"नि खाल्लास नाय? अगो, मांजर पन काटं चाटून जातं. तू मांजरापेक्षा गरीब हाय काय?"

आतली पोरं हसली. मीही हसले. आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. काकींनी गॅस बारीक केला. मग मी त्यांना ती प्लेट बदललेली गोष्ट सांगितली. जिभेवर कण ठेवायची पद्धत पण सांगितली. मला वाटलं, या पण नाक मुरडतील.

काकी म्हणाल्या, "आमच्यात पन तसाच हाय. जो काटं काढतो, पयला घास त्याचा. नायतर पोराचे गल्यात काटा जायल. यात उष्टा कसला?"

मी म्हटलं, "काकी, मला एक तुकडा द्या ना."

त्यांनी झारा खाली ठेवला. "नाय देनार. मी दिला तर ती भीक होल. तू तिथं टेबलाव बस, ऑर्डर दे. मी थाली वारते."

मला राग आला त्यांचा. आठवडाभर राग होता. रात्री चिऊ माझ्या कुशीत झोपायची, आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत विचार करायचे, बसायला काय लागतं? खुर्ची तर आहे. तिच्यावर पर्स आहे.

पुढच्या रविवारी गेलो. तेच टेबल. मॅडमनी पर्स चौथ्या खुर्चीवर ठेवली. मुडदुशा आल्या. चिऊनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "मॅडम, पर्स उचला. मला बसायचंय."

"काय?"

"मी पण इथंच जेवणार. माझे पैसे मी देते."

मॅडम हसल्या आधी. मग हसू गेलं. "तुझ्यासाठी घरी ठेवलंय ना? काय नाटक हे, सगळ्यांसमोर? एवढं केलं तुझ्यासाठी!"

"केलं मॅडम. ते विसरणार नाही. पण उभं राहून काटे काढणार नाही."

सर मोबाइलमध्ये बघत होते. तसेच बघत राहिले.

मॅडमनी पर्स उचलली नाही. प्लेट स्वतःकडं ओढली आणि स्वतः काटे काढायला लागल्या. नखं मोठी, मास चुरा झालं. चिऊनं घास घेतला आणि थुंकला. "टोचतंय! ताई काढेल. ताईच काढेल!" ती रडायला लागली. हात पुढं करून माझ्याकडं बघत रडायला लागली.

माझी बोटं आपोआप हलली. खरं सांगते, हलली. मी दोन्ही हात ओढणीत गुंडाळले आणि गच्च धरले. त्या घरात मला जीव लावणारं एकच माणूस होतं, आणि त्याच्यासमोर मी हात बांधून उभी होते. आजवर यापेक्षा जड काम मी केलेलं नाही.

मग मी वळले. बेसिनजवळ नाही बसले. दारापाशी दोघांचं छोटं टेबल रिकामं झालं होतं, तिथं बसले. वेटरला म्हणाले, "एक मुडदुशीची थाळी." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत म्हणाले.

थाळी काकींनी स्वतः आणली. पाण्याचा ग्लास माझ्यासमोर सरळ ठेवला आणि गेल्या.

मी पहिला घास जिभेवर ठेवला. चव कळली नाही. पलीकडं चिऊ रडत होती.

त्याच आठवड्यात मला काढलं. निघताना चिऊला शेजाऱ्यांकडं ठेवलं होतं. मला भेटू दिलं नाही.

मायला सगळं सांगितलं. माय म्हणाली, "खाल्लं ना पण?"

आता मी बोनकोड्यात भाड्याच्या खोलीत राहते, कोपरखैरण्यात एका घरी बाळ सांभाळते. काम धरायच्या आधी मी त्या बाईंना एकच गोष्ट विचारली, "बाहेर जेवायला गेलो तर मी कुठं बसायचं?" त्या म्हणाल्या, "असं कुणी विचारतं का?" मी म्हटलं, "मी विचारते."

बाळ अजून दुधावर आहे. वर्षभरात मासा खायला लागेल. काटे मीच काढीन, पहिला घास माझ्या जिभेवर ठेवून. पण खुर्चीवर बसून, माझं ताट माझ्यासमोर असेल तेव्हाच. खुर्ची नसेल तर माझे हात ओढणीत राहतील. बाळ रडेल, ते मला माहीत आहे. तरी राहतील.