खाणीतला नारळ

आमच्या गावचा पोहण्याचा तलाव म्हणजे पूर्वीची दगडाची खाण. तिच्यात मुलं बुडाली, म्हणून नगरपालिकेने ती बांधून काढली. तरी पहिल्या उडीआधी खोल पाण्यात नारळ टाकायचा आणि मुलाने तो परत आणायचा, ही रीत राहिली.

आज माझ्या लेकीचा नारळ टाकला. ती काठावरच थबकली.

"बाबा, तिकडे तोंड करा ना! तुमच्याकडे बघितलं की मी बुडणारच असं वाटतं."

ही भीती तिला खाणीने नव्हे, मीच दिली. नदीकाठीही मी तिचा हात कधी सोडला नव्हता.

मी भिंतीकडे वळलो. मागे धप्पकन आवाज झाला, मग काहीच ऐकू येईना.

"आणला, बाबा!" ओल्या हाताने तिने माझा सदरा ओढला. चेहरा सावरेपर्यंत मी वळलो नाही.