दोनावर तीन रेघा

साधा कॅल्क्युलेटर बनवला म्हणून कोणी एवढं मिरवतं का, असं माझी बहीण मला विचारते. मी मिरवते. ज्या यंत्रापायी माझ्या बापाची गावात मान खाली गेली, तसलंच यंत्र मी स्वतः बनवलं आणि ती मान वर आणली. मग मिरवू नको तर काय करू?

नाना म्हणजे माझे वडील. भडगावकडच्या आमच्या गावात भंडाऱ्याची वरण-बट्टी वर्षानुवर्षं त्यांच्याच हातची. मागच्या वर्षी नेमकं वरण संपलं. शेवटच्या दोन पंगतींनी कोरडी बट्टी वांग्याच्या भाजीशी कशीबशी गिळली. आमच्याकडे नवरदेव उशिरा आलेला चालतो, वरण संपलेलं चालत नाही. भंडारा समितीचे प्रमुख, ज्यांना अख्खं गाव भाऊ म्हणतं, ते गोड आवाजात म्हणाले, "नाना, वय झालं आता. हिशोब चुकायला लागला. पुढच्या साली आराम करा." आणि धुळ्याचा केटरर आणायचं घाटू लागलं.

नाना माझ्याकडे जळगावला, मेहरूणमध्ये येऊन राहिले. मुकाट्यानं जेवायचे, कशालाच नावं ठेवायचे नाहीत. हे फार वाईट लक्षण. ज्या माणसानं माझ्या वरणाला जन्मात बरं म्हटलं नाही, तो 'छान आहे' म्हणून ताट पुसायला लागला! माझा जीव तुटायचा. आणि जीव तुटला की मला रडू येत नाही, राग येतो.

त्याच दिवसांत मी जळगावात कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. शाळेच्या ऑफिसात वर्षानुवर्षं तेच ते दाखले टाइप करून कंटाळले होते. म्हटलं, हा डबा आतून कसा चालतो ते तरी बघू. सरांनी घरी करायला दिलं: पडद्यावर एक खिडकी, तिच्यात आकड्यांची बटणं, वर उत्तराची चौकट. सुट्टीच्या दुपारी मी लॅपटॉप घेऊन बसले. नाना शेजारी सुपारी कातरत होते.

"हाई काय शे?"

"कॅल्क्युलेटर करतेय, नाना."

"बाजारात भेटत नही का?"

एकेक बटण वेगळं लिहायचा कंटाळा आला म्हणून एकाच लूपमध्ये, म्हणजे एकाच फेऱ्यात, सगळी बटणं बनवली होती, आणि मोठ्या ऐटीत दोन दाबलं. चौकटीत उमटले नऊ. पाच दाबले, नऊ. शून्य दाबलं, तरी मेले नऊच! फेरा ज्या आकड्यावर थांबला, तोच प्रत्येक बटणाच्या डोक्यात बसला होता. नाना वाकून बघत म्हणाले, "मायवं, हाई तर आपला भाऊसारखं शे. काही बी सांगा, एकच बोलस." कितीतरी दिवसांनी ते हसले. मीही हसले आणि प्रत्येक बटणाला त्याचा त्याचा आकडा नीट बांधून दिला.

यंत्र चालायला लागलं तसं मी म्हटलं, "नाना, करून बघा काहीतरी."

त्यांनी काय करावं? भंडाऱ्याचाच हिशोब. एका पंगतीला पावणेतीन किलो डाळ, पंगती बारा. तोंडानं "पावणेतीन" म्हणत त्यांनी दोन दाबलं, टिंब दाबलं, तीन दाबलं. मग गुणिले, मग बारा. उत्तर आलं सत्तावीस पॉइंट सहा.

"देख," ते म्हणाले, "मांगला सालले मोबाईलवर बी हाईच उनं व्हतं. सत्तावीस. पुढचा सहा मशीनलेच ठाऊक."

मी त्यांचा हात धरला. "नाना, थांबा. पावणेतीन पुन्हा दाबा बरं."

पुन्हा दोन, टिंब, तीन.

"हे पावणेतीन कसं?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी पहिलीत नापास झालेय. मग अडकित्त्याच्या टोकानं सुपारीच्या भुग्यात २ काढला आणि त्याच्यापुढे उभ्या तीन रेघा ओढल्या. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. दोनावर तीन रेघा, पावणेतीन. त्यांच्या वस्तादानं कोळशानं भिंतीवर हेच शिकवलं होतं. मशीनवर रेघ नाही, म्हणून टिंब देऊन किती रेघा तो आकडा दाबायचा, अशी त्यांची समजूत.

एवढी वर्षं ते सगळं तोंडी करत. पाऊणकी, सवायकी, दीडकीचे पाढे जिभेवर. मागच्या वर्षी भाऊंनीच हट्ट धरला होता, "नाना, तोंडी नको, मोबाईलवर करा, मशीन चुकत नाही." डाळीचा ढीग बघून नानांचं मन खात होतं, पण मशीनपुढे बोलणार कोण?

मी ओरडलेच. "नाना! तुमचा हिशोब चुकलाच नव्हता! बारा पावणेतीन किती?"

"तेहतीस," ते डोळे मिटून म्हणाले आणि तसेच थांबले. सत्तावीस आणि तेहतीस. मध्ये दोन पंगतींची डाळ, वर मूठभर. "मंग माले वय नही व्हयनं?" त्यांनी विचारलं. मला त्या वेळी असा आनंद झाला की तो कुठं ठेवू कळेना. अडकित्ता उचलून मीच दोन सुपाऱ्या कातरल्या, मला येत नसताना.

मग मी हट्टालाच पेटले. टिंबाचं बटण काढून टाकलं आणि त्या जागी रेघेचं बटण बसवलं. एकदा दाबलं की पाव, दोनदा की अर्धा, तीनदा की पाऊण. चौथ्यांदा दाबलं तर काही होऊ नये, हे पहिल्यांदा विसरले होते. नानांनी मुद्दाम चार वेळा दाबून माझी फजिती केली. आकडे मराठी केले, बटणं पापडाएवढी. उत्तरसुद्धा रेघांत यायला हवं म्हणून आणखी डोकं फोडलं. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, टिंबच नाही? मार्क कापावे लागतील."

"कापा की," मी म्हटलं. "मला वरण पुरवायचंय."

समितीची बैठक देवळाच्या ओट्यावर होती. मी लॅपटॉप घेऊन नानांबरोबर गेले. केटररचं ठरल्यातच जमा होतं. भाऊंच्याच मोबाईलवर मी नानांच्या पद्धतीनं, दोन, टिंब, तीन असा हिशोब करून सत्तावीस कसे आले ते दाखवलं आणि मग नानांना माझ्या यंत्रापुढे बसवलं. दोन. रेघ, रेघ, रेघ. पडद्यावर २॥। उमटलं तसे मागे बसलेले एक आबा उठून पुढे आले. "अरे, हाई तर आमनी शाळानं शे!" गुणिले बारा. तेहतीस.

मला राहवेना. "भाऊ, मशीन चुकत नाही म्हणाला होतात ना? आता या मशीनचं ऐका."

भाऊंनी डोकं खाजवलं. माणूस वाईट नाही. "नाना," ते म्हणाले, "यंदानी बट्टी तुमनीच."

भंडाऱ्याच्या दिवशी पंगती उठत होत्या, बसत होत्या, मी कढईकडे बघत होते. शेवटच्या पंगतीला भाऊ मुद्दाम बसले, मागच्या वर्षी कोरडी बट्टी खाल्लेल्यांच्या शेजारी. नानांनी वाढणाऱ्यांना बाजूला केलं आणि बादली स्वतः उचलली. भाऊंच्या ताटात एक पळी वरण, दुसरी पळी, तिसरी. बट्टी बुडाली, भाजी बुडाली, वरण काठाला आलं.

भाऊंनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. "बस नाना, बस!"

नानांनी हातांच्या फटीतून चौथी पळी सोडली.

"बस काय? मांगला सालनी ऱ्हायेल शे, भाऊ. ती बी खा."