सिरियमची चिमूट

दिवसभर भिंगं घासणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसतं, असा माझा तेव्हा समज होता. गिरगावातल्या एका चष्म्याच्या दुकानात मी भिंगांना पॉलिश करायचो. आधी त्यासाठी लाल भुकटी असायची. हात, सदरा, नाक, सगळं लाल. मग मालकांनी परदेशी सिरियमचा डबा आणला. फिकट गुलाबी भुकटी, पण काच निम्म्या वेळात लखलखीत. मालक म्हणाले, लायटरच्या खड्यातून ठिणगी पाडतो तो हाच धातू, आणि गॅसबत्तीच्या जाळीचा उजेड वाढवतो तोही हाच. एवढ्या भांडवलावर मी चाळीत शास्त्रज्ञ म्हणून मिरवू लागलो.

त्यात बायकोला तिसरा महिना लागला आणि तिच्या पोटात काही ठरेना. पेज, ताक, नुसतं पाणीसुद्धा उलटून पडे. चार दिवसांत डोळे खोल गेले. खोताच्या वाडीतले डॉक्टर सकाळीच येऊन गेले. "असंच चाललं तर बाळाला काय मिळणार?" म्हणाले, आणि चिठ्ठीवर एक पूड लिहून दिली: सिरियम ऑक्झलेट.

नेमका त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. औषधाचं एक दुकान उघडं असेल तर शपथ! चिठ्ठी पुन्हा वाचली, 'सिरियम' दिसलं आणि माझ्या डोक्यात लायटर पेटला. आमच्या दुकानाची किल्ली माझ्याकडेच असायची. चिमूटभर भुकटी कागदात बांधून मी विजयी मुद्रेनं घरी.

बायकोनं पुडी उघडून पाहिली. "अहो, ह्यानं तुम्ही काचा घासता ना?"

"धातू तोच गं. रसायनशास्त्र आहे हे."

"मग आधी शास्त्रज्ञांनी घ्यावं."

आता माघार कशी घेणार? घेतली. दातांत माती कचकचली. तेवढ्यात दारात डॉक्टर! हरताळ लक्षात येऊन ते आपल्या कपाटातली पूड घेऊन आले होते. माझे गुलाबी ओठ पाहून त्यांनी सगळं वदवून घेतलं.

"अरे बाबा, मी लोहाचं टॉनिक लिहिलं असतं, तर हिला खिडकीचे गज चाटायला दिले असतेस काय?"

"डॉक्टर, पण माझं आता काय होणार?"

"होतंय काय! आतून चकचकीत होशील."

ते हसत होते, पण मी मोरीकडे धावलो आणि सकाळचा चहासुद्धा बाहेर काढला. मागून बायकोचं हसू ऐकू आलं. चार दिवसांनी पहिल्यांदा.

मग तिनं डॉक्टरांची पूड घेतली. थोड्या वेळानं घोटघोट पेज. खाली मोर्च्याच्या घोषणा चालल्या होत्या आणि वर डॉक्टर आणि मी श्वास रोखून तिच्या पोटाकडे बघत होतो. तास गेला. पेज टिकली. तिनं आणखी अर्धी वाटी मागितली.

पुढे मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. आताचे डॉक्टर सांगतात, त्या पुडीत तसा काही दम नव्हता, म्हणून ती मागे पडली. बायकोला त्याचं नवल नाही. तिचं म्हणणं पहिल्यापासून एकच: "माझ्या वाटचं तुम्ही ओकलात, म्हणून मी सुटले."